ना तार, ना माणूस

"डावीकडे! अरे डावीकडे म्हणतेय मी, व्हर्लिन! तुझं डावं, माझं नव्हे!"

मार्व्हा गाडीच्या मागे उभी राहून दोन्ही हात वाऱ्यात झोडपत होती. व्हर्लिनला आरशात तिचं पिवळं जाकीट मध्येच दिसे, मध्येच गायब होई. बत्तीस फुटांचं मोटारघर चौदा नंबरच्या जागेत काही केल्या शिरत नव्हतं. शेजारच्या दोन गाड्यांतली माणसं खुर्च्या टाकून बघत बसली होती. मोटारघरांच्या या तळांवर संध्याकाळची करमणूक हीच. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे, आणि दोघांचा जाहीर तमाशा. अखेर कर्रकन आवाज आला. मागच्या बंपरने लाकडी टेबलाचा कोपरा फोडला होता.

"सात वर्षं येतोयस इथे, कधी टेबलाला शिवला नाहीस," मार्व्हा खिडकीपाशी येऊन म्हणाली, "आणि आज..." पुढचं तिने गिळलं. मार्व्हा तळाची राखणदारीण, सत्तरीची, तोंडाने फटकळ. पण कुठे थांबावं हे तिला कळायचं.

"टेबल भरून देतो," व्हर्लिन म्हणाला.

"ठेव तुझ्याकडे. सरपण झालं मला."

त्याची बायको, आर्डिस, असती तर हे झालं नसतं. तिचा एकच नियम होता: मी आरशात दिसत नसेन तर थांबायचं, देव आडवा आला तरी. आणि ती दिसायचीच. जांभळं जाकीट, उजवा हात वर, तळवा उघडा. तळवा आला की ब्रेक. ती फेब्रुवारीत गेली. तेव्हा मिनेसोटात जमीन दगडासारखी गोठलेली होती, खणायची सोय नव्हती. तिकडच्या रिवाजाप्रमाणे दफन उन्हाळ्यावर गेलं. आता जून लागला होता. येत्या शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन, मग तिथल्याच तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी. त्याआधीचे हे तीन दिवस मात्र बॅडलँड्सच्या ओसाड कड्यांचे होते. चौदा नंबरची जागा आर्डिसनेच वर्षभर आधी राखून ठेवली होती, दोन माणसांसाठी. तिने राखलेली जागा वाया घालवणं व्हर्लिनच्या जिवावर आलं, म्हणून तो एकटा निघून आला.

गाडीची वीज आणि पाणी जोडेपर्यंत फोन वाजला. मुलगी होती, जोलीन.

"बाबा, फोटो सापडला का?"

"बघतोय गं."

"गेला आठवडाभर बघतोयस! पाद्रीबाई शनिवारसाठी मागतायत. पाहिजे तर लग्नातला लावते, पण मला तो नकोय. मला आई त्या गाडीतून फिरायची तेव्हाची हवीय. कधी नव्हे ती सुखात होती. अकरा हजार फोटो काढलेस ना तू? एक दे फक्त."

"देतो," म्हणून त्याने फोन ठेवला.  एक द्यायचा कुठून? एकही सापडला नव्हता, आणि का ते पोरीला सांगायची त्याला हिंमत होत नव्हती.

छत्तीस वर्षं व्हर्लिनने खेड्यापाड्यांतल्या विजेच्या खांबांवर काढली होती. उणे तीसच्या थंडीत खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, शेतकऱ्याच्या गोठ्यात दिवा लागला की पुढचा खांब. निवृत्तीच्या दिवशी त्याने आर्डिसला सांगितलं होतं, "आता मला असं आभाळ बघायचंय, ज्यात एक तार नाही." घर विकलं, मोटारघर घेतलं, चांगला कॅमेरा घेतला. एकतीस राष्ट्रीय उद्यानं झाली. कुठेही गेला तरी एकच हट्ट. फोटोत ना तार हवी, ना माणूस. एखादं कुटुंब कड्यावर रेंगाळलं की हा कॅमेऱ्याच्या तिपाईमागे तास तास दात-ओठ खात उभा.

"जगाची निम्मी माणसं हाकलशील तू," आर्डिस म्हणायची.

"निम्मीच? राहिलेल्या निम्म्यांनी काय घोडं मारलंय?"

आणि त्याची पद्धत होती. लांबचं नेमकं दिसावं म्हणून तो आधी आर्डिसला पुढे पाठवायचा. ती त्या कड्याशी, त्या झाडाशी जाऊन उभी राहायची. हा तिच्या जाकिटावर भिंग जुळवायचा, एक कच्चा फोटो घ्यायचा, उजेड तपासायचा. मग ओरडायचा, "हो बाजूला!" ती बाजूला व्हायची आणि मग खरा फोटो. रात्री जेवण झालं की अंगठ्याने कच्चे फोटो एकेक पुसायचे. पुसायचं बटण, मग हो. पुसायचं बटण, मग हो. डोळे झाकूनही जमायचं. सात वर्षांत त्याने स्वतःच्या बायकोला शेकडो वेळा टिपलं आणि शेकडो वेळा आपल्याच हाताने पुसलं. आता हे आठवलं की त्याला स्वतःचा अंगठा नकोसा व्हायचा.

एकच जागा बघायची राहिली होती, कॅमेऱ्यात असलेलं कार्ड. गेल्या सप्टेंबरात इथेच, या तळामागच्या कड्यावर त्यांनी शेवटचे फोटो काढले. त्याच संध्याकाळी आर्डिसच्या पोटात कळ आली, आणि पुसायची बैठक राहूनच गेली. त्यानंतर दवाखाने, मग फेब्रुवारी. कॅमेरा पिशवीतून निघालाच नव्हता. निघाला असता तरी उघडायची ताकद नव्हती, हे खरं. बायकोचा चेहरा त्यात असेल याची जितकी आशा, तितकीच नसेल याची भीती.

ऊन कलायला लागलं तसा तो बाहेर फुटक्या टेबलाशी बसला, बॅटरी बदलली आणि कॅमेरा चालू केला.

आर्डिस होती! कड्याच्या टोकाला, पाठमोरी, जांभळं जाकीट वाऱ्याने फुगलेलं. डोक्यावरची टोपी तिने हाताने दाबून धरली होती. मानेवरचे पांढरे केससुद्धा मोजता यावेत इतका फोटो लख्ख. व्हर्लिनचे डोळे भरून आले, समोरचं पुसट झालं. आणि कच्चा फोटो दिसल्याबरोबर सात वर्षांची सवय झालेला अंगठा आपला आपण हलला. पुसायचं बटण, मग हो.

त्याने डोळे पुसले तेव्हा पडद्यावर नुसता कडा होता.

त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, जणू हात भाजला. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तसाच बसून राहिला. पंधरा पावलांवर मार्व्हा फाटकाजवळचा कचरा वेचत होती.

"मार्व्हा! जरा ये इकडे."

"आता काय फोडलंस?"

"ये गं बाई लवकर."

त्याचा आवाज ऐकून ती चिमटा टाकून आली. त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या बसायच्या तऱ्हेकडे.

"हात का लपवलेस?"

"माझा भरवसा नाही राहिला त्यांच्यावर. तू दाब. उजवीकडचा बाण फक्त. कचऱ्याच्या डब्याच्या लाल चित्राला शिवलीस तर बघ."

"मेल्या, मला शिकवतोस?" म्हणत तिने चष्मा नाकावर चढवला. बाण दाबला. कडा. पुन्हा कडा. एक ढग. एक रानमेंढा, तोही लांब. प्रत्येक फोटोला व्हर्लिन मान हलवत होता. मार्व्हाचं बोट सावकाश चाललं होतं.

मग ती थांबली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही बघ."

आर्डिस समोरून होती. कडा तोच, जागा पलीकडची. गाल वाऱ्याने लाल, केस तोंडावर आलेले, तोंड अर्धवट उघडं. उजवा हात वर होता आणि तळवा उघडा.

"तुला काहीतरी सुनावतेय वाटतं," मार्व्हा म्हणाली.

"नाही." व्हर्लिन पडद्याकडे वाकला. "विचारतेय. आता बाजूला होऊ का, म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

 मार्व्हाच्या बोटाने तेवढ्यात सवयीने पुढचा बाण दाबला होता. तोच कडा, तोच उजेड, उन्हात तांबूस झालेल्या त्याच रेघा. आर्डिस होती तिथे आता नुसतं आभाळ. एक तार नाही, एक माणूस नाही. सात वर्षं जो फोटो त्याला हवा होता तो हाच, त्याने काढलेल्या सगळ्यांत चांगला.

"सुरेख आलाय रे," मार्व्हा म्हणाली. बोलल्यावर तिला कळलं आणि तिने जीभ चावली.

व्हर्लिनचे हात अजून मांड्यांखालीच होते.

"मागचा लाव," तो म्हणाला.

तिने मागचा लावला, आणि बोट काढून घेतलं.