पांढरी वात

"तुझ्या या खोलीत घसा कोरडा पडतो रे," ताई म्हणाली. "ओठ बघ माझे, फुटलेत."

मी खेकसलोच. "अगं, ओठांनी कुणी हवा मोजतं का? हे दोन तापमापक काय शोभेला टांगलेत?"

अंडी उबवायच्या कामात माझी एकवीस वर्षं गेली. कुणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. ताईच्या जिवाला मात्र चैन नव्हती, आणि तिचंही बरोबरच होतं. ठिपकेवाल्या कोंबड्यांची ही जात तिने अकरा वर्षं खपून तयार केली होती. दोन आठवड्यांपूर्वी तिच्या शेडला आग लागली आणि एकही पक्षी वाचला नाही. उरली ती माझ्या यंत्रात, म्हणजे या तापवलेल्या बंद खोलीत, आधीच ठेवलेली एकशे चव्वेचाळीस अंडी. त्यांतून पिल्लं निघाली तर जात राहणार होती, नाहीतर संपली.

आता त्या दोन तापमापकांचं सांगतो. एक कोरडा. दुसऱ्याच्या खालच्या, पाऱ्याच्या गोळ्यावर कापडी वात गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. वातीतलं पाणी उडतं, तसा तो गार पडतो. हवा जितकी कोरडी, तितका त्याचा आकडा खाली. दोन्ही आकडे सारखे आले की समजायचं, हवेत आता आणखी पाणी मावत नाही. पिल्लं बाहेर यायच्या वेळी कोरडा साडेसदतीसला हवा आणि ओला बत्तीसला.

तीन दिवस ओल्याचा आकडा चढत होता. तीस, तेहतीस, मग पस्तीस. पिल्लं कवचात श्वास घ्यायला लागली की हवा दमट होतेच, त्यात मला काही नवल वाटलं नाही. पण फार दमट झाली तर ती आतच गुदमरतात. म्हणून मी पाण्याचे ट्रे काढून घेतले, झरोके उघडले. बाहेर कडाक्याची थंडी होती, ती हवा आत येऊन तापत होती. आज सकाळी दोन्ही आकडे साडेसदतीस दिसले, तेव्हा मी उरलेला झरोकाही सताड उघडला.

दुपारी ताईने अंड्यांना कान लावला. "आवाज येतोय रे. पण पिल्लांनी सकाळी कवचाला पाडलेली भोकं तेवढीच आहेत, बाहेर कुणीच येत नाही."

मी एक अंडं हातात घेतलं. कवचाखालचा पापुद्रा मऊ असायला हवा, तो वाळून पिल्लाच्या पाठीला चिकटला होता.

मी वातीला हात लावला. बाटली काठोकाठ भरलेली होती, पण वात कडक, क्षार धरून पांढरी पडलेली. नळाचं पाणी! शुद्ध पाण्याचा कॅन संपला, तेव्हा मीच म्हटलं होतं, चार दिवसांनी काय होतंय. वात पाणी ओढतच नव्हती. ओला म्हणवणारा तापमापक वाळून कोरडाठाक झाला होता, म्हणून आकडे सारखे येत होते. हवा दमट नव्हतीच. होती नव्हती ती ओल मीच बाहेर घालवली होती.

नवी वात भिजवून बसवली. पारा घसरत घसरत बावीसवर येऊन थांबला.

"बावीस म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे मी मारली तुझी पिल्लं."

"अजून ओरडतायत ती. रडायचं नंतर बघ. काय करायचं ते बोल!"

मी झरोके लावले आणि फवारा घेऊन गार पाणी मारत सुटलो. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे. पाणी उडतं ते हवेतलीच ऊब घेऊन. कोरडा तापमापक बघता बघता तेहतीसवर आला आणि पिल्लांचे आवाज बारीक झाले.

"थांब, मूर्खा! गारठतायत ती!" ताईने फवारा हिसकावला. चहाची किटली उकळत ठेवली आणि तिची वाफ नळीने आत सोडली. वाफ आपली ऊब सोबत आणते, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत असतो. आज माझ्या बहिणीला ते न शिकता सुचलं.

मग आम्ही दोघं एकेक अंडं घेऊन बसलो. कोमट पाण्यात बोट बुडवायचं, पापुद्रा भिजवायचा, थांबायचं. घाई केली की रक्त येतं. माझ्याकडून दोनदा आलं. ताईने ते टिपलं आणि पुढचं अंडं माझ्या हातात दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अंधार पडेपर्यंत सात पिल्लं निघाली. बाकीचे आवाज एकेक करून बंद होत गेले. ताई उरलेल्या एकेका अंड्याला कान लावायची आणि आवाज थांबला असला की ते हळूच पलीकडच्या ट्रेमध्ये ठेवायची. शेवटी अलीकडचा ट्रे रिकामा झाला.

"या सातांत कोंबड्या किती, कोंबडे किती?" मी विचारलं.

"महिना दीड महिना जाईल कळायला. सगळे एकाच तऱ्हेचे निघाले तर जात संपलीच." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "आता किती दाखवतोय तुझा ओला?"

मी वाकून पाहिलं. "बत्तीस. अगदी बरोबर आहे आता."

ताईने मान हलवली आणि पलीकडचा ट्रे फडक्याने झाकला.