टेबल क्रमांक एकवरचं पाकीट

"लोकशाहीत प्रत्येक मताचं मोल सारखंच असतं आणि एकही मत वाया जाता कामा नये."

हे वाक्य परिशिष्ट गेली सव्वीस वर्षं निवडणुकीच्या प्रशिक्षण वर्गात म्हणत आला होता. त्या दिवशीही त्याने ते माइक नीट धरून म्हटलं. समोर बसलेल्या दोनशे शिक्षकांपैकी एकाने लगेच हात वर केला आणि विचारलं, "जेवण किती वाजता आहे?"

परिशिष्ट हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. तो निवडणूक शाखेत वरिष्ठ कारकून होता. कोणी काहीही विचारलं, अगदी पंख्याचं बटण कुठे आहे असं विचारलं, तरी "परिशिष्टात दिलंय, बघा" म्हणायची त्याला सवय होती. कार्यालयाने फार विचार न करता त्याचं तेच नाव ठेवून टाकलं. बायको त्याला "अहो" म्हणे.

निवडणुकीच्या कामावर असलेल्यांना टपालाने मत द्यावं लागतं. मतपत्रिका एका पाकिटात, सोबत एक घोषणापत्र. घोषणापत्रावर दोन सह्या हव्यात : एक मतदाराची, आणि ती आपल्यासमोर केली म्हणून एका अधिकाऱ्याची. दुसरी सही नसेल तर आतलं पाकीट उघडतच नाहीत. मत कोणाला दिलं होतं हे कोणाला कळतही नाही. दर निवडणुकीला अशी शंभर-सव्वाशे मतं बाद होत आणि परिशिष्टाला ते घरातलं कोणी आजारी असावं तसं लागे.

या वेळी त्याने ठरवलं होतं, आपल्या मतदारसंघातलं एकही जाऊ द्यायचं नाही. अधिकाऱ्याच्या टेबलाशी तो अडीच तास उभा राहिला. "सर, इथे. इथे नाही हो, ती तारखेची जागा आहे." "बाई, पूर्ण सही करा, आद्याक्षरं चालत नाहीत." "गुरुजी, ही मुलांची उत्तरपत्रिका असती तर तुम्ही किती मार्क कापले असते?" दोनशे माणसं झाली. अधिकारी उठून जेवायला गेले. परिशिष्टाने समाधानाने खिशातलं आपलं पाकीट काढलं, कडा पट्टीने दाबत डिंक लावला आणि पेटीत टाकलं. सकाळपासून त्याने सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. सगळ्यांत आपणही आलो, असं त्याच्या डोक्याने गृहीत धरून टाकलं.

त्याची बायको सरकारी इस्पितळात परिचारिका होती. सतरा वर्षं, आणि सतराही वर्षं कंत्राटी. तिने शिकवलेल्या दोन मुली कायम होऊन आता तिच्या वरिष्ठ होत्या आणि तिला प्रेमाने "ताई, जरा लवकर येत जा" म्हणायच्या. या निवडणुकीत बादली चिन्हाच्या पक्षाने लिहून दिलं होतं : सत्ता आल्यापासून शंभर दिवसांत सर्व कंत्राटी परिचारिका कायम. शिडी चिन्हाच्या पक्षाने परिचारिकांना 'देवदूत' म्हटलं होतं.

"मत बादलीलाच ना?" तिने त्या संध्याकाळी विचारलं.

"मत गुप्त असतं."

"माझ्यापासून?"

"नियमात बायकोला सूट नाही."

"अहो!"

"बादलीलाच."

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता टपाली मतं आधी मोजायला घेतली. टेबल क्रमांक एकवर परिशिष्ट आणि शेजारी स्टोअरकीपर. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले, त्यामुळे एकमेकांचा अपमान करायचा दोघांनाही हक्क होता. पलीकडे दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी खुर्चीत बसून मोबाइलवर दुसऱ्या मतदारसंघांचे आकडे बघत होते. तीनशे बारा पाकिटांपैकी दोनशे नव्वद होऊन गेली तरी एकही बाद नव्हतं. परिशिष्ट खुशीत होता.

मग एक पाकीट आलं. कडा इतक्या सरळ चिकटवलेल्या की त्याने ते उघडायच्या आधीच ओळखलं. घोषणापत्रावर वरची सही त्याची होती. खालची जागा कोरी होती.

स्टोअरकीपरने मान वाकडी करून बघितलं. "अरे, ही तर तुझी."

"बाद," परिशिष्ट म्हणाला.

"वेडा आहेस का? सह्या करणारे साहेब तिथे खिडकीशी उभे आहेत. दोन मिनिटांत सही आणतो."

"मोजणी सुरू झाल्यावर घेता येत नाही."

"कोण बघतंय?"

"मी."

"तुला काय, तू पुस्तक घेऊन जन्मलास," असं म्हणून स्टोअरकीपरने पाकीट बाजूच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवलं. निवडणूक अधिकारी मॅडम येऊन त्यावर शिक्का मारून गेल्या. जाताना म्हणाल्या, "इतकं कानीकपाळी ओरडून सांगतो आपण, तरी एखादा महाभाग असतोच."

"असतो, मॅडम."

दुपारी चारपर्यंत एकशे एक जागांपैकी शंभर जागांचे निकाल लागले. पन्नास शिडीला, पन्नास बादलीला. उरली ती हीच जागा. साडेचारला मॅडमनी आकडे वाचले : शिडी अठ्ठावन्न हजार तीनशे सोळा, बादली अठ्ठावन्न हजार तीनशे सोळा. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आकडे हलायला तयार नव्हते. मग नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या केल्या, जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, आणि मॅडमनी मान दुसरीकडे वळवून एक उचलली.

शिडी निघाली. सरकार शिडीचं झालं.

घरी बायको टीव्हीसमोर उभी होती. बसायचं तिला सुचलं नव्हतं.

"एक मत हो. एक! पाय मोडलेल्या पेशंटला मी स्वतः व्हीलचेअरवरून नेलं मतदानाला. आणि कुणीतरी ऐतखाऊ घरात लोळत राहिला असेल. त्याला काय फरक पडतो?" मग एकदम तिला आठवलं. "तुमचं तरी वेळेत पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं," परिशिष्ट म्हणाला. सव्वीस वर्षं अहवाल लिहिलेल्या माणसाला खोटं न बोलता खोटं बोलणं अवघड नसतं.

तो ऐतखाऊ कोण, हे तिने आठवड्याभरात शोधून काढलं. खालच्या मजल्यावर तिची जाऊ राहायची. मतदानाच्या दिवशी ती माहेरी गेली होती. "चुलत बहिणीच्या घराचं रंगकाम काढलंय म्हणून गेल्या! रंग बघायला!" बायको म्हणाली, आणि जावेशी बोलणं बंद केलं. दोघी रोज जिन्यात भेटायच्या. जाऊ थांबायची, बायको पिशवी सांभाळत पुढे जायची. आधी जावेने दोन-तीनदा विचारलं, "काय झालं गं? माझं काही चुकलं का?" मग तिनेही थांबणं सोडलं.

परिशिष्ट हे सगळं वरच्या कठड्याशी उभा राहून ऐकायचा. आज सांगू, असं त्याने कितीतरी वेळा ठरवलं. कधी ती दमून आलेली असे, कधी हसत असे. दोन्ही वेळा सांगणं योग्य वाटत नसे.

अकरा महिन्यांनी, चिठ्ठीवर निवडून आलेल्या शिडीच्या आमदाराला आपल्या पक्षात लोकशाही उरली नसल्याचं एका सकाळी जाणवलं. दुपारपर्यंत तो बादलीत होता. संध्याकाळी शिडीचं सरकार पडलं आणि आठवड्याच्या आत बादलीचं आलं.

त्या दिवशी बायको गाणं गुणगुणत धुतलेला गणवेश दोरीवर टाकत होती. आता सांगायला हरकत नाही, असं परिशिष्टाला वाटलं. आता ती गंमतच होती. त्याने सगळं सांगितलं : दोनशे सह्या, डिंक, ट्रे, मॅडमचं वाक्यसुद्धा. शेवटी हसलाही.

ती हसली नाही. चिमटा हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे पाकीट तुम्ही स्वतःच बाद केलंत."

"नियमच आहे तसा."

"नियमाचं मी काही म्हणत नाही. ते बरोबरच केलंत." तिने चिमटा दोरीला लावला. "पण अकरा महिने मी जाऊबाईंशी बोलत नाहीये. आणि तुम्हाला माहीत होतं."

"सांगणार होतो."

"रोज ऐकत होतात तुम्ही. वर उभे राहून."

परिशिष्ट म्हणाला, "पण आलं ना आता बादलीचं सरकार?"

तिने ओला गणवेश बादलीतच ठेवला आणि खाली गेली. दहा मिनिटांत परत आली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. दार उघडलं त्यांनी. म्हणाल्या, राहू दे आता, सवय झाली."

नव्या सरकारने शब्द पाळला. अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी आदेश निघाला : सर्व कंत्राटी परिचारिका कायम, वयोमर्यादा पंचेचाळीस वर्षे. त्या दिवशी तिचं वय पंचेचाळीस वर्षं, चार महिने आणि बारा दिवस होतं.