तोटी तेवढी सरळ करा

"बाकी सगळं झकास आहे हो. तोटी तेवढी सरळ करून द्या," चहा कंपनीचा साहेब फोनवर म्हणाला. "आवडलं तर वर्षभराची सगळी पाकिटं तुम्हालाच."

"आणि नाही आवडलं तर?"

"अहो, आत्तापासून असं अशुभ कशाला बोलता!"

म्हणजे नाही आवडलं तर तोंडाला पानं पुसणार. हे कळायला ज्योतिषी नको होता. चार वर्षं ती घरी बसून पाकिटांची, पाट्यांची, पुस्तकांच्या कव्हरांची डिझाइनं करत होती आणि त्यातली निम्मी अशीच, 'आधी दाखवा, मग बघू' या बोलीवर. पण वर्षभराचं काम म्हणजे दर महिन्याला नवं दार ठोठावायला नको. तिनं साहेबानं पाठवलेलं चित्र उघडलं आणि तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

चित्रातली किटली तिच्याच घरातली होती.

घरातली म्हणजे अगदी ओट्यावरचीच. पोट बसकं, झाकणावरची मूठ अंमळ मोठी, कारण मूळची हरवल्यावर बाबांनी कपाटाच्या खणाची काढून बसवली होती. आणि तोटी टोकाशी डावीकडे मुरडलेली. तो पराक्रम हिचाच, सात वर्षांची असताना ओट्यावरून पाडून केलेला. तेव्हापासून या घरात चहा ओतताना कप जरा डावीकडे धरायचा. पाहुण्यानं हौसेनं किटली उचलली की चहा टेबलावर सांडलाच म्हणून समजा.

बाबा! तिला हसूच आलं.

बाबा तीस वर्षं एका छापखान्यात आर्टिस्ट होते. छापखाना बंद पडला तरी हात बंद पडला नव्हता. समोर वस्तू ठेवल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा त्यांचा नेम. आणि दुसरा नेम, फुकट काम करायचं नाही. तिनं पहिल्यांदा कुणाला नमुना फुकट करून दिला तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपण काय खानावळ काढलीय?" मग दोन दिवस अबोला. आणि तोच माणूस एकसष्टाव्या वर्षी ताकाला जाऊन भांडं लपवत होता.

गेले तीन आठवडे बाबा अंघोळीला जातानाही फोन का नेत होते, ते आता तिला कळलं. आई म्हणालीसुद्धा होती, "लग्नात माझ्याकडे बघितलं नाही, एवढं हे त्या फोनकडे बघतात."

तिनं साहेबाला परत फोन लावला. "मूळ चित्र कुणाचं आहे?"

"आहेत एक आजोबा. हात भारी आहे हो त्यांचा! पण या वयात कॉम्प्युटरवर बदल कुठे करत बसणार?"

"त्यांना कळवलंत?"

"सॅम्पलचं काय कळवायचं?"

खोटं कशाला सांगा, तिनं तोटी सरळ करून पाहिली. दहा मिनिटांचं काम. वर्षभराचं काम दहा मिनिटांवर आलं होतं, मोह कुणाला होणार नाही? पण सरळ झाल्याबरोबर ती किटली कुणाचीच राहिली नाही, दुकानाच्या फळीवरच्या शंभरांतली एक झाली.

"चहा टाकतोय गं, घेणार ना?" बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेते," ती म्हणाली, आणि केलेला बदल पुसून टाकला. साहेबाला लिहिलं, 'तोटी मी सरळ करणार नाही. ज्यांचं चित्र आहे त्यांना पैसे द्या. बदल करायचा असेल तर तेच करतील.' उत्तरादाखल नुसता एक अंगठा आला. त्याचा अर्थ हो की नाही, देव जाणे. बाबांना मात्र ती काही बोलली नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

दोन महिन्यांनी बाबा बाजारातून आले आणि पिशवीतून चहाचं पाकीट काढून तिच्या टेबलावर ठेवलं. पाकिटावर किटली होती. तोटी पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

घरात पाकिटांची डिझाइनं करणारी ती एकटीच. आता बाबांना वाटणार, हिनंच केलं.

"हे तू केलेलं नाहीस," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"ज्यानं केलंय त्यानं ही किटली कधी उचललेली नाही. झाकणाची मूठपण बारीक करून टाकलीय पठ्ठ्यानं."

"मला विचारलं होतं, बाबा. मी नाही म्हटलं. वर्षभराचं काम देणार होते."

"देणार होते?"

"आवडलं तर."

बाबा खुर्चीत बसले. "मलाही तेच म्हणाले होते." चष्मा काढून ते शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "तुला एवढा ओरडलो होतो आणि स्वतः... लाज वाटली गं. वाटलं, हात आहे तोवर एक तरी काम दुकानात दिसावं. दिसलं बघ."

तिला रडू फुटणार होतं, तेवढ्यात आई दारात आली. पाकिटाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "म्हणजे चित्रही तुमचं आणि पाकीटही तुम्हीच विकत आणलंत?"

बाबाच आधी हसले, इतके की चष्मा पुन्हा पुसावा लागला.

पाकीट त्यांनीच फोडलं. चहा केला, किटलीत गाळला आणि टेबलाशी घेऊन आले. त्यांनी ओतायला किटली उचलली, तशी तिनं कप जरा डावीकडे सरकवला.