काढून टाकू? हो / नाही

"डॉक्टर, आज ओपीडीला गर्दी आहे हं," म्हणत टपालाची आवक बघणाऱ्या आवकबाईंनी फ्लॉप्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. रबरबँड लावलेला, चांगला विटेएवढा.

"पाठवा एकेकाला आत," डॉक्टर म्हणाले.

हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत. मुख्य कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे कारकून चार हात लांब राहिले आणि हे एकटेच पुढे झाले. पुढे होणाऱ्याचं जे होतं तेच त्यांचं झालं. शाखांकडून येणाऱ्या फ्लॉपीत व्हायरस आहे की नाही ते बघायचं काम गळ्यात पडलं ते कायमचं, आणि त्याबरोबर डॉक्टर हे नावही. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं.

आवकबाईंची थट्टा हल्लीच पुन्हा सुरू झाली होती. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांची एकुलती एक लेक परगावी, नोकरीच्या ठिकाणी तापाने गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यानंतर कचेरीत त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने खोकलंसुद्धा नाही. शेवटी एक दिवस त्यांनीच विचारलं, "काय हो, पेशंट पाठवायचे बंद केलेत का?" आवकबाईंनी तोंड वळवून डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून चेष्टा चालू केली. असली दोनचार माणसं असतात म्हणून कचेऱ्या सुसह्य होतात.

डॉक्टरांचं मशीन जिन्याखालच्या खोलीत होतं. बाकीच्या कचेरीने नवी मशीनं घेतली तेव्हा हे जुनं इथे आलं, कारण तपासायचं मशीन बाकीच्यांपासून वेगळं असलेलं बरं. लेक त्याला डबडं म्हणायची. शाळेत असताना सुट्टीत ती इथे येऊन बसायची आणि वडलांचं लक्ष नसताना त्याच्या पडद्यावर अक्षरांचे ससे काढायची. पुढे तिने कॉम्प्युटरच शिकून त्यातलीच नोकरी धरली. शेवटच्या फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुमच्यासाठी एक गंमत करतेय. तुमच्या डबड्यावर चालेल अशी. हसायचं नाही हं." त्यानंतर आला तो ताप.

शाखा आपल्या फायली झिप करून पाठवायच्या, म्हणजे दाबून दाबून एका गाठोड्यात बांधून. व्हायरस पकडणारा जुना प्रोग्राम ते गाठोडं बाहेरून बघायचा आणि ठीक आहे म्हणायचा, आत काही का असेना. म्हणून डॉक्टरांनी जोडीला आणखी एक छोटा प्रोग्राम आणून बसवला होता. तो गाठोडं सोडायचा, आतली एकेक फाइल त्या तपासनिसापुढे धरायचा, वाईट निघेल ती काढून टाकायचा आणि उरलेल्याचं गाठोडं पुन्हा बांधायचा. काहीच उरलं नाही तर गाठोडंही टाकून द्यायचा. डबड्यावर हे सगळं गोगलगायीच्या गतीने चाले.

तो प्रोग्राम मुळात सभ्य होता. काही खटकलं की थांबायचा आणि विचारायचा, 'काढून टाकू? हो / नाही.' पहिली काही वर्षं डॉक्टर विचार करून 'हो' दाबत. पुढे विचार न करता दाबू लागले. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांना होच म्हणताय, मग ते विचारतंय कशाला?" म्हणणं बिनतोड होतं. डॉक्टरांनी प्रोग्राम सुरू करायच्या आज्ञेत एक अक्षर वाढवलं, प्रश्न बंद झाला. आणखी एक अक्षर घालून त्यांनी संशयाची पातळीही वर नेली. आता जो प्रोग्राम ओळखीचा नाही तो चोर. "एखादा भला माणूस मरायचा यात," डॉक्टर म्हणाले होते. "सुक्याबरोबर ओलंही जळतं," साहेब म्हणाले आणि चहाला गेले.

डॉक्टर फ्लॉपीवरचं लेबल वाचत नसत. हा त्यांचा नियम होता आणि तो नव्या पोरांना ते आवर्जून सांगत. "लेबल खोटं बोलतं. वर लिहिलंय हजेरीपट आणि आत निघतो पत्त्यांचा डाव. आतलं बघा." लोक एकच फ्लॉपी वर्षानुवर्षं वापरतात आणि लेबल बदलायचा आळस करतात, तेव्हा नियम चुकीचा नव्हता. फ्लॉपी घालायची, नजर पडद्यावर ठेवायची, बाहेर आली की न बघता हिरवा ठिपका चिकटवायचा. काही सापडलं तर लाल. लाल ठिपक्याच्या फ्लॉप्या जेवणाच्या सुट्टीआधी फॉरमॅट करून पुसून कोऱ्या करायच्या आणि वापरायला परत द्यायच्या. तोही त्यांचाच नियम.

जुडगा निम्मा झाला असेल. मशीनने कुईं केलं. पडद्यावर ओळ आली, 'अनोळखी प्रोग्राम. संशयास्पद. काढून टाकला.'

"गेला बिचारा," डॉक्टर सवयीने म्हणाले.

"काय झालं होतं हो त्याला?" आवकबाईंनी दारातून विचारलं.

"आमच्या ओळखीचा नव्हता, एवढंच."

आवकबाई हसल्या. डॉक्टरही हसले. लाल ठिपका चिकटला, सुट्टीआधी फ्लॉपी कोरी झाली आणि दुपारी डॉक्टर व्यवस्थित जेवले. हे सांगायला हवं, कारण नंतर ते जेवण त्यांना फार दिवस आठवत राहिलं.

फोन दुसऱ्या दिवशी आला. लेकीच्या खोलीत राहणारी मैत्रीण होती.

"काका, मिळाली का हो फ्लॉपी?"

"कसली फ्लॉपी, बाळ?"

"पाठवली होती मी. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. घरी कॉम्प्युटर नाही ना तुमच्याकडे. पाकिटावर तुमचंच नाव घातलं होतं. काल पोचायला हवी होती."

डॉक्टरांच्या नावाने रोज ढीगभर पाकिटं येत. आवकबाई ती फाडायच्या आणि आतल्या फ्लॉप्या जुडग्यात लावायच्या. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

"काय होतं तिच्यात?" डॉक्टरांनी विचारलं. आपला आवाज सरळ येतोय याचं त्यांना नवल वाटलं.

"तिने तुमच्यासाठी केलेलं ते. महिनोन्‌महिने करत होती, काका. रोज कामावरून आली की बसायची. काय आहे ते मलाही सांगायची नाही. म्हणायची, आधी बाबा बघणार, मग बाकीचे. तिचं मशीन कंपनीने परत नेलं, त्याआधी मी कसंबसं तेवढंच काढून घेतलं."

"तू... बघितलंस का चालवून?"

"नाही हो. तिने सांगितलं होतं ना. मी झिप केली आणि तिनेच लेबल लावून ठेवलेल्या फ्लॉपीवर टाकली." मग तिने विचारलं, "कसं आहे, काका? छान आहे का?"

डॉक्टर म्हणाले, "लाईन नीट नाही, बाळ. मी करतो नंतर," आणि फोन ठेवला.

कोऱ्या फ्लॉप्यांच्या ढिगात ती सापडली. डॉक्टरांनी चष्मा लावून लेबल वाचलं. लेकीच्या अक्षरात 'बाबा' लिहिलं होतं आणि त्याच्या बाजूला ससा काढला होता. सशाच्या तोंडावर लाल ठिपका होता.

ती फ्लॉपी पुरती कोरी होती. पण गाठोडं सोडलं जायचं ते डबड्याच्या आतल्या तबकडीवर, तेव्हा तिथे काही उरलं असेल, ही एकच आशा होती. जुन्या मशीनवर पुसलेल्या फायलीचं नाव मागे राहतं, फक्त पहिलं अक्षर जातं. फाइल परत मागायची तर ते अक्षर आपण सांगायचं असतं. डॉक्टर इतरांसाठी हे कितीदा तरी करत आले होते. पुसलेल्या नावांची रांग पडद्यावर आली आणि त्यात ते नाव दिसलं, पहिल्या अक्षराविना. मशीनने अक्षर विचारलं. डॉक्टरांनी इंग्रजी बी दाबलं. नाव जागेवर उभं राहिलं. बाबा.

"आलं!" ते ओरडले. आवकबाई धावत आल्या. त्यांना तोवर सगळं कळलं होतं आणि पाकीट आपण फाडलं म्हणून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फाइल चालेना, तेव्हा डॉक्टरांनी ती नुसती उघडून बघितली. मोडक्या खुर्च्या. बाके. लोखंडी कपाट, दार निखळलेले. पंखा, बंद. कुठल्याशा शाखेची सामानाची यादी होती ती. कालच्या जुडग्यातलं पुढचं गाठोडं त्याच जागेवर सोडलं गेलं होतं. नाव लेकीच्या फायलीचं आणि आत दुसऱ्याचं मोडकं सामान.

आवकबाई हळूच म्हणाल्या, "आणखी कुठे असेल का हो?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. आणि तरी संध्याकाळपर्यंत शोधत राहिले.

घरी बायको दारातच उभी होती. मैत्रिणीने कचेरीचा नंबर घ्यायला आधी घरीच फोन केला होता. डॉक्टरांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. बायकोने कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरले होते आणि बाहेर घालायच्या चपला पुसून दाराशी काढून ठेवल्या होत्या.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "साहेब काही म्हणणार नाहीत ना? मला त्यातलं कळत नाही, पण दिसेल तर खरं. अहो, काय आहे त्यात? बघितलंत ना तुम्ही?"

खोटं बोलायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. "रिकामी होती," ते म्हणाले. "फ्लॉपी खराब झाली असेल टपालात."

"रिकामी कशी असेल?" बायको म्हणाली. "ती कधी रिकाम्या हाताने आलीय का घरी?"

मग डॉक्टर तिथेच, बूट न काढता, खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. गाठोडं, प्रश्न, बंद केलेला प्रश्न, लाल ठिपका. बायकोला निम्म्या गोष्टी कळल्या नसतील. नेमकी कळायची ती कळली.

"म्हणजे तुम्ही नाही बघितलं."

"नाही."

"तिच्या मैत्रिणीनेही नाही."

"नाही."

"मग बघितलं कुणी?"

"मशीनने बघितलं," डॉक्टर म्हणाले.

"काय म्हणालं मग ते?"

डॉक्टरांना उत्तर द्यायचं नव्हतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गप्प बसलेलंही ऐकू येतं. "अनोळखी म्हणालं," त्यांनी सांगितलं.

"आपल्या पोरीला?" बायको म्हणाली. आणि चपला उचलून आत ठेवून आली.

फ्लॉपी तिने मागून घेतली. नखाने लाल ठिपका काढून बघितला, तर त्याच्याबरोबर सशाचं तोंडही निघून आलं. मग तिने तो तसाच परत दाबून बसवला. त्या रात्री दोघांत काही बोलणं झालं नाही आणि त्यानंतरही फारसं झालं नाही. ती रागावली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही.

कचेरीत डॉक्टरांनी आज्ञेतली ती दोन्ही अक्षरं काढून टाकली. आता डबडं पुन्हा विचारू लागलं. काम तुंबलं, जुडग्यावर जुडगे साठले. साहेबांनी आधी सांभाळून घेतलं, मग एक दिवस येऊन म्हणाले, "डॉक्टर, तुमचं दुःख मला कळतं हो. पण शाखा बोंबलतायत. वरच्या नव्या मशीनवर घेऊ आपण हे काम. ते आपलं आपण सगळं करतं."

"विचारतं का ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला विचारायला हवं?" साहेब म्हणाले, आणि मग त्यांनाच कसंसं झालं. ते चहाला न जाता थोडा वेळ तिथेच उभे राहिले. काम मात्र वर गेलं. ज्या दोनचार दूरच्या शाखांच्या फ्लॉप्या नवं मशीन घेईना, त्या तेवढ्या जिन्याखाली येत राहिल्या. आवकबाई त्या आणून ठेवत. पेशंटची थट्टा आता त्या करत नसत.

आज एकच फ्लॉपी होती. मशीनने कुईं केलं आणि ओळ आली, 'काढून टाकू? हो / नाही.' डॉक्टरांनी चष्मा चढवला, लेबल वाचलं, मग फोन जवळ ओढून शाखेचा नंबर फिरवला.

"तुमच्याकडून एक फ्लॉपी आलीय. तिच्यात कुणी स्वतः केलेलं काही आहे का?"

"हजेरीपट आहे हो," पलीकडचा कारकून वैतागून म्हणाला. "काही सापडलं असेल तर टाका काढून."

"एकदा सगळ्यांना विचारून घ्या," डॉक्टर म्हणाले. "मी थांबतो."