तालमीची पायरी

पंच्याण्णव साली आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि गल्लीतले पुरुष आठवडाभर मयताला जाऊन आल्यासारखे हिंडले. मग कुणाला तरी सुचलं, की बायको उभी करता येते. लगेच चेहरे खुलले.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीचा उमेदवार तालीम ठरवते. तालमीनं नाव घेतलं की मतं एकगठ्ठा. आम्ही दोघींनी नावं दिली. एक मी, तेलाच्या दुकानातली शांतव्वा. दुसरी सुष्मिता, सोमेशची वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली बायको. रविवारी सकाळी मुलाखती ठरल्या, तालमीत. आता तालीम म्हणजे लाल माती आणि मारुती. बाई आत जात नाही. म्हणून नवरे आत गेले आणि उमेदवार बाहेर पायरीवर बसले.

आधी सोमेश गेला. गॉगल डोक्यावर चढवून बाहेर आला.

"एकदम झक्कास झाली मुलाखत."

सुष्मितानं विचारलं, "आत मी काय बोललो, ओ?"

"लई भारी बोललीस."

मग आमचे अण्णाप्पा गेले. मी खिडकीला कान लावला. वस्ताद भाऊसो विचारत होते, "अण्णाप्पा, सभेत बोलंल का रं तुझी बायको?"

"घरात मला बोलू देत न्हाय ती. पायरीवर बसलीया, तिलाच इचारा की."

"बाई आत कशी येणार?"

मी खिडकीतूनच म्हटलं, "मी न्हाय येत. तुम्ही भाईर या."

"वैनी, तशी पद्धत न्हाय."

"मग लुगडं नेसून तुम्हीच हुबं ऱ्हावा की!"

आत कुणीतरी फिसकन हसलं. खिडकी बंद झाली. अण्णाप्पा तेवढे आतच अडकले.

माझे कान तापले. मला पास करा असं मी म्हणत नव्हते. नापास करा, पण मला विचारून करा, एवढंच होतं. बायडाबाई नळावरून घागर घेऊन येत होती. तिला सांगितलं. तिनं घागर पायरीवर ठेवली आणि दारासमोर फतकल मारली. "ए शालूबाई, ये गं हिकडं!" शालूबाई म्हणजे खुद्द भाऊसोंची बायको. ती आली, तिच्यामागं बाकीच्या आल्या. तालमीला दार एकच.

त्यात रविवार. घरोघरी मटण आणलेलं, धुऊन ठेवलेलं. दुपार झाली तरी गल्लीत रश्श्याचा वास नाही. खिडकी किलकिली झाली.

"शालू, मटण चढीवलंस का?"

"मुलाखती हू द्यात, मग चढीवतो."

थोड्या वेळानं दार उघडलं. सतरंजी बाहेर आली, तिच्यामागं पंच आले. भाऊसो गल्लीत मांडी घालून बसले.

"बोला वैनी. निवडून आलासा तर पयलं काय करणार?"

मी बोलले. पाणी, गटार, दिवे, कचरा, काही सोडलं नाही. इतकी वर्षं साठलेलं होतं. बायडाबाईनं जांभई दिली तेव्हा थांबले.

मग सुष्मिता. सोमेशनं तोंड उघडलं तशी बायडाबाई म्हणाली, "तुझी झाली न्हवं मुलाखत? गप बस."

सुष्मिता खाली बघून बोलली, पण ऐकू आलं सगळ्यांना. "बायकांच्या संडासाला कडी न्हाय. सासूबाई आत गेल्या की मी दार धरून हुबारतो. मी गेलो की त्या. पयली कडी. ती बसंपतूर सभेत मी खाली बसणार न्हाय."

ते दार मीही वीस वर्षं धरलं होतं. मला ते बोलायचं सुचलं नव्हतं. तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

भाऊसो अवघडून माझ्याकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघतासा? आता तरी नीट इचारून ठरवलंसा. घ्या तिचं नाव."

त्यांनी घेतलं. आतून हार आला आणि सोमेशनं लगेच मान पुढं केली. मी हार मधल्यामधी काढून घेतला आणि सुष्मिताच्या गळ्यात घातला.

"सभेला ही जाणार, सोमेश. पोस्टरवर तोंड बी हिचंच. तू मधी घुसलास तर आम्ही हाय, ही पायरी हाय. आणि रविवार दर आठवड्याला येतोय."

"व्हय, व्हय," भाऊसो उठत म्हणाले. "आता तरी कुकर लावा."

एकही बाई उठली नाही. बायडाबाईनं घागर जरा नीट सरकवून घेतली.

"लावतो की. आदी सांगा, कडी कवा बसवतासा?"