पाऊण किलोचा तिसरा हात

"पडला! गिअर पडला! जोर नाही हो लावला, नुसता हात ठेवला!"

टकलेकाका केबिनमधून लहान पोरासारखे ओरडले आणि ट्रकतळावरच्या गर्दीतून एकच आरोळी उठली. कुणी बंपरवर चढलं होतं, कुणी टायरवर. ज्यांना स्वतःच्या गाडीचं ऑइल वेळेवर बदलायला कधी सवड मिळाली नाही, ते सगळे दुपारपासून इथे ताटकळत उभे होते. मधोमध एका रिकाम्या ट्रेलरवर खुर्ची टाकून महाराज बसले होते. पांढरे कपडे, उजव्या हातात पांढरा हातमोजा आणि पुढ्यात काळ्या चकचकीत गिअर नॉबची रास.

"बाळांनो, हा नॉब नाही!" महाराज माइकवर घुमले. "हा तिसरा हात आहे! दोन हात तुमचे, तिसरा त्या पुण्यात्म्याचा, ज्यानं नव्वद वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवली!"

नव्वद वर्षं! म्हणजे हा पुण्यात्मा पाळण्यातून उतरला तो थेट केबिनमध्येच चढला असणार. पण एवढ्या गर्दीत तेवढं एक कुणी विचारेल तर शपथ.

"पथ्य एकच," महाराजांनी आवाज खाली आणला. "नॉब लागला की तो काढायचा नाही आणि मिस्त्रीचा हात गिअरला लागू द्यायचा नाही. ग्रीस लागलं की तिसरा हात गेलाच म्हणून समजा."

"आणि महाराज, चालताना गिअर सुटला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"सुटला तर तुझ्या मनात पाप आलं. शंका आली. हात शंकेखोराजवळ थांबत नाही."

गर्दीच्या कडेला उभी असलेली ताई हे सगळं ऐकत होती. ती दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. सगळा ट्रकतळ तिला सिस्टर म्हणायचा, कारण तळावरच्या निम्म्या लोकांची हाडं तिच्या हाताखालून गेली होती. आज सकाळीच तिनं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं ड्रेसिंग केलं होतं. मामा म्हणायचे त्याला सगळे. घाट उतरताना गिअर आपोआप सुटला, भरलेली गाडी ब्रेकला आवरेना, आणि मामांच्या मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. तो बिचारा वेदनेनं कळवळत सारखा एकच म्हणत होता, "सिस्टर, माझ्याच मनात शंका आली हो." आणि त्याच्या बायकोनं हाच काळा नॉब त्याच्या उशीखाली सरकवून ठेवला होता! आधी पाय मोडायचा आणि वर पापही त्याच्याच माथी मारायचं. काय म्हणावं या निर्लज्जपणाला?

तेवढ्यात रांगेतून तिचा धाकटा भाऊ बाहेर आला. दोन्ही हातांत काळा नॉब, एखादं तान्हं मूल धरावं तसा.

"झालास का शहाणा?" ताईनं विचारलं.

"ताई, इथे तमाशा नको," तो पुटपुटला आणि तिला ओढतच आपल्या गाडीकडे घेऊन गेला.

त्याच्या गाडीचा जुना नॉब तडकला होता, तळहाताला चिमटे काढायचा. बदलायला हवाच होता, ते खरं. पण नॉब बदलायचा म्हणजे दुकानात जायचं, हातात नीट बसतो का आणि आटे जुळतात का बघायचं, आणि घरी यायचं. त्यासाठी कुणा पुण्यात्म्याचा हात कशाला लागतो?

"अगं, तिसरा गिअर किती दिवस अडत होता," भाऊ नॉब बसवत म्हणाला. "दांडा नुसता खडखडायचा. आता बघ." त्यानं गाडी सुरू केली, क्लच दाबला, नॉबवर हात ठेवला. दांडा अल्लाद तिसऱ्यात गेला. खडखड थांबली. "लोण्यात सुरी! आता बोल."

"अडत होता तर मिस्त्रीला दाखवायचं होतंस."

"दाखवणारच होतो. आता गरज काय? पथ्य ऐकलंस ना?"

"उद्या माल भरून घाट उतरणार आहेस तू. मामांचं काय झालं ते माहितेय ना?"

"मामांच्या मनात शंका आली," भाऊ ठामपणे म्हणाला. "माझ्या हाताला फरक कळतोय ताई. मी काय खोटं बोलतोय?"

हीच तर पंचाईत होती. तो खोटं बोलत नव्हता. ताईनं स्वतः हात ठेवून पाहिला, गिअर खरंच मऊ पडत होता. ढोंग्याचं ढोंग सरळ दिसलं असतं तर तिनं तिथेच त्याचे वाभाडे काढले असते. ती खाली उतरली, आणि त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी भाऊ अंघोळीला गेला तशी ती तळावर गेली, नॉब फिरवून काढला, सीटखाली पडलेल्या जुन्या नॉबसकट पर्समध्ये टाकला आणि ड्यूटीवर निघून गेली. पर्सचा पट्टा खांद्याला काचायला लागला तेव्हा तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं. हे एवढं जड कसं?

शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात नवजात बाळांचा वजनकाटा होता. तिनं त्यावर तो नॉब ठेवला. पाऊण किलो! भावाचा जुना, तडकलेला नॉब ठेवला तर शंभर ग्रॅमही भरेना.

"कुणाचं गं हे बाळ?" तिथली नर्स हसली. "फारच काळं आणि गुटगुटीत आहे."

"आमच्या धाकट्याचं," ताई म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. जड आहे, बरं. म्हणून काय?

उत्तर मिळालं तिच्याच वॉर्डात. मामांचा मोडका पाय ताणून धरायला पलंगाच्या टोकाशी दोरीनं लोखंडी चकत्या टांगल्या होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईची बादली पलंगाला आपटली, चकत्या झोक्यासारख्या हलल्या आणि मामा जिवाच्या आकांतानं ओरडले. ताईनं धावत जाऊन चकत्या धरल्या. आणि तशीच उभी राहिली.

धक्का बसला की वजन झोकांडी घेतं आणि ज्याला बांधलंय त्याला ओढतं. मग दांड्याच्या टोकावर पाऊण किलोचा गोळा बसवला तर? हातानं ढकलला की तो आपल्याच भारानं पुढे जाणार, म्हणून गिअर मऊ पडणार. दांडा जड झाला म्हणून थरथरही दबणार. आणि खड्ड्यात चाक आपटलं की तोच गोळा झोक घेऊन गिअर ओढून काढणार! ती मामांकडे बघत राहिली.

एवढ्यात भाऊ वॉर्डात शिरला, डोळे लाल. "ताई, नॉब दे. काढायचा नसतो तो! दुपारी गाडी भरायचीय."

"तळावर देते. तासाभरात. तुझ्या महाराजांसमोर देते."

"तू वाटोळं करणार माझं!"

"वाटोळं होऊ नये म्हणूनच चाललंय हे," ती म्हणाली. इन्चार्जला सांगून तिनं एक जादा चकती मागून घेतली आणि प्लास्टरच्या खोलीत जाऊन दार लावलं.

तासाभरानं ती तळावर आली तेव्हा महाराजांचा दरबार भरलेला होताच. ताई थेट ट्रेलरसमोर गेली. तिच्या हातांत प्लास्टरचे दोन पांढरे गोळे होते, हुबेहूब सारखे, खाली फक्त आटे बसवायला भोक.

"महाराज," ती हात न जोडता म्हणाली, "यातल्या एकात तुमचा नॉब आहे. दुसऱ्यात नाही. तिसरा हात कुठला ते आमच्या ड्रायव्हर लोकांना कळेल ना?"

महाराजांनी हातमोजा सावरला. "बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कोण घेतंय? नॉबची घेतेय."

गर्दीत हशा पिकला. टकलेकाका छाती काढून पुढे आले. "त्यात काय! माझा हात लागला की मला सांगेल. आण इकडे."

भावाच्याच गाडीत प्रयोग झाला. काकांनी एक गोळा बसवला, क्लच दाबला, गिअर टाकला. मान डोलावली. दुसरा बसवला, गिअर टाकला आणि डोळेच मिटून घेतले. "हाच! हाच तो! अंगात कसा झटका गेला बघ! पहिलाही बरा होता, पण यात साक्षात महाराज आहेत!"

"साक्षात?" ताईनं विचारलं.

"साक्षात!" काका म्हणाले. आणखी दोघांनी करून पाहिलं. एकाला दोन्हींत महाराज दिसले. दुसऱ्यानं काका म्हणाले तेच म्हटलं, कारण काका म्हणाले होते.

ताईनं प्लास्टर कापायची कात्री काढली. काकांचा 'साक्षात' नॉब सगळ्यांसमोर कराकरा कापला. आतून निघाला भावाचा तडकलेला जुना नॉब आणि वजन सारखं व्हावं म्हणून त्याभोवती बसवलेली, दवाखान्याचा शिक्का असलेली लोखंडी चकती.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "काका, झटका दवाखान्याचा होता होय?" आणि काकांचं टक्कल लालबुंद झालं.

"आता दुसरं," उरलेला गोळाही कापून ताई भावाकडे वळली. "महाराजांचा नॉब लाव. गाडी रिकामी आहे, तळ सपाट आहे, भीती कसलीच नाही. तिसऱ्यात टाक, हात काढ आणि फाटकाजवळच्या गतिरोधकावरून ने."

भावानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती त्याचा गळाच मागतेय. पण सगळा तळ बघत होता. तो चढला. गाडी गतिरोधकावर आपटली आणि खट्! दांडा झोक घेऊन सुटला, इंजिन नुसतंच भणभणलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा खट्. मग ताईनं त्याला तो तडकलेला हलका नॉब दिला. तो लावून गाडी दोनदा गेली, दोनदा आली. गिअर जागचा हलला नाही.

"पथ्य मोडलं!" महाराज ट्रेलरवरून ओरडले. "हिनं नॉब काढला, म्हणून हात निघून गेला! या बाईच्या मनात शंका आहे!"

"आहे! भरपूर आहे!" ताईचा आवाज चढला. "गिअर पडला तर तुमची कृपा आणि सुटला तर आमचं पाप, असं कसं चालेल? आणि आत्ता काकांना चकतीनं झटका दिला, तो कुणाच्या कृपेनं? त्यात तर तुमचं काहीच नव्हतं!" तिनं महाराजांचा नॉब जमिनीवर ठेवला आणि पान्हा उचलून घाव घातला. काळं कवच फुटलं. आत राखाडी शिसं होतं, ओतीव, ओबडधोबड. "हा तुमचा पुण्यात्मा. मिस्त्रीनं नॉब उघडला असता तर त्याला हेच दिसलं असतं. म्हणून मिस्त्रीचा हात वर्ज्य!"

महाराजांचा एक शिष्य केव्हाच नॉबची रास पोत्यात भरायला लागला होता. चार-सहा जण बाह्या सरसावून ट्रेलरवर चढले, तशी ताई कडाडली, "हात लावू नका! फोडून काढाल आणि ड्रेसिंग मलाच करायला लावाल. एक तर त्याच्या जखमा धुवायची मला किळस येते, आणि माझ्या वॉर्डात एक खाट रिकामी नाही. पोलीस चौकी समोर आहे. न्या आणि तक्रार लिहून द्या."

महाराजांना नेलं. पण तिला सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्यानंतर. कालपर्यंत जयजयकार करणारे दोघे-तिघे गुपचूप आपापल्या गाडीत शिरून काच वर करत होते. नॉब काढायला नव्हे. कुणी काढून नेऊ नये म्हणून.

भाऊ तसाच पायरीवर बसला होता. ताईनं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुडला आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी बसवलेलं प्लास्टिकचं कडं काढून त्यानं भावाच्या तळहातावर ठेवलं. कड्याचे दोन तुकडे झाले होते, आणि बोट लावताच त्यांचाही भुगा झाला.

"यामुळे अडत होता," मिस्त्री म्हणाला. "आणि याच्यावर ते वजन टाकलंस. घाटात पहिल्या खड्ड्याला सुटला असता."

भावानं मूठ मिटली. "ताई, मी तुझं ऐकलं नाही."

"माझं नको रे ऐकूस," ताई त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "मीही उद्या चुकेन. तुझी गाडी काय म्हणते ते ऐक. खडखडली तर का खडखडली ते विचार. कुणी म्हणालं गुण आला, तर त्याला म्हण, झाकून ठेव आणि पुन्हा दाखव. जो विचारू देत नाही, त्याच्याकडून नॉबच काय, नटसुद्धा घेऊ नकोस."

भाऊ उठला. डोळे पुसले, आणि काच वर केलेल्या पहिल्या गाडीपाशी जाऊन त्यानं दार ठोठावलं.

"खाली उतर," तो आतल्या ड्रायव्हरला म्हणाला आणि तळहातावरचा भुगा त्याच्या काचेसमोर धरला. "हे बघ, आणि मग ठरव."