मजूर नाक्यावरचा बाक

मित्रांनो, दुसऱ्यांनी बसावं म्हणूनच माझा जन्म झाला. मी चर्चमधला एक जुना बाक आहे. लाकूड पक्कं, बांधा दणकट आणि स्वभाव जरासा मानी. ज्या सुताराने मला घडवलं त्याने माझी पाठ इतक्या निगुतीने तासली, की रविवारचा उपदेश कितीही लांबला तरी कोणाची कंबर म्हणून धरली नाही.

माझी जागा शेवटच्या रांगेत होती. शेवटच्या रांगेत कोण बसतं ते तुम्हाला शाळेमुळे ठाऊक असेलच. उशिरा येणारे, लवकर पळणारे आणि डुलक्या काढणारे. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, हसून म्हणत, "चर्चच्या मंडळीला माझ्यापेक्षा या बाकानेच जास्त शांती दिली आहे." मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढे आमच्या वस्तीत परमुलखातली माणसं येऊ लागली. बांधकामं वाढली होती आणि पोट माणसाला कुठेही नेतं. आमच्या मंडळीने त्यांना परकं मानलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मागच्या खोलीत संध्याकाळी त्यांना इथली भाषा शिकवत. आजाऱ्याला दवाखान्यात नेत. लेकरांसाठी स्वेटर विणत. "परक्याला आसरा द्या, एवढंच आपल्याला सांगितलंय. आधी त्याची जात-धर्म विचारा, असं नाही," पाळकसाहेब सांगत. तेही मी पाठ लावून ऐकलेलं आहे.

चर्चच्या कोपऱ्यावर रोज सकाळी मजूर नाका भरायचा. थंडीवाऱ्यात माणसं काम मिळण्याची वाट पाहत उभी असायची. आमच्याकडे ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, मायाळू. सगळे त्यांना ऑर्गनबाई म्हणत. त्यांना ते बघवेना. "ती माणसं तासन् तास उभी, आणि आपण आत बसून दयेची गाणी म्हणतो," त्या म्हणाल्या. झालं. माझे स्क्रू काढले, मला तेलपाणी केलं आणि चौघांनी उचलून नाक्यावर नेऊन ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शेजारी चहाचा थर्मास आला. मी तर हरखूनच गेलो. म्हातारपणी असा मान कोणाला मिळतो!

पण मित्रांनो, माझ्यावर कोणी बसेना.

कारण मला पहिल्याच सकाळी कळलं. ठेकेदार टेम्पोतून खाली उतरतच नसत. काचेआडून बघत आणि बोट दाखवत. "तू, तू, आणि तो टोपीवाला." बोट नेहमी उभ्या माणसाकडे जायचं. बसलेला तो दमलेला, आणि दमलेल्याला कामावर कोण नेणार? मजुरांना हे पक्कं माहीत होतं. चहा पिऊन ते माझ्यापासून चार हात लांब उभे राहत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमची मंडळी मात्र हळहळायची. बाई म्हणायच्या, "लाजतात बिचारे." मागून एखादा पुटपुटायचा, "फुकटच्या वस्तूला किंमत नसते." मला ओरडून सांगावंसं वाटे, पण लाकडाला तोंड कुठलं?

त्या मजुरांत एक वयस्कर गवंडी होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या मुलीला सातवा महिना होता आणि जावई तिला सोडून परागंदा झाला होता. बापलेकीच्या डोक्यावरची खोली टिकायची तर मामांना काम मिळायलाच हवं होतं. आणि त्यांचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. टेम्पोचा आवाज आला की ते दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहत. फक्त त्यांचे ओठ घट्ट मिटलेले दिसत.

एका सकाळी बाईंच्या नजरेला तो गुडघा पडला. त्यांनी मामांचा हात धरला. "अहो, बसा की. तुमच्यासाठीच तर ठेवलाय."

"नको बाई, ठीक आहे मी."

"ठीक कसले? बसा बघू."

त्यांनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवून मामांना माझ्यावर बसवलं आणि कप हातात दिला. परक्या गावात आपलेपणाने बोलणाऱ्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं? मामा बसले. मला त्यांच्या पाठीची थरथर जाणवत होती. तेवढ्यात टेम्पो आला. ठेकेदाराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामा सगळ्यांच्या पुढे उभे होते. ठेकेदार हसला. "तो बाकावरचा म्हातारा ना? राहू दे त्याला." मग रोज तेच. मामांची गवंडीकामातली सफाई साऱ्या नाक्याला ठाऊक होती, पण टेम्पोला फक्त बाकावर बसलेला म्हातारा दिसत होता.

शेवटी एक नवा ठेकेदार आला. गटाराचा खोल चर खणायचा होता आणि माती भुसभुशीत होती. तरण्या पोरांनी नकार दिला. मामा चढले. त्या दिवशी दुपारी चर ढासळला आणि मामा त्यातून जिवंत बाहेर आले नाहीत.

मंडळीने सगळं केलं. शवपेटी, कबरीची जागा, फुलं. अंत्यविधीला माणसं खूप आली म्हणून मलाही नाक्यावरून आत आणलं. मामांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "बस ग जरा. अशा अवस्थेत किती उभी राहशील?"

"नको, यावर नको." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही बाबांना यावर बसवलंत ना, तेव्हापासून त्यांना कोणी कामाला नेलं नाही. बसलेला माणूस ते नेत नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग ते मला बोलले का नाहीत ग?"

"तुम्ही इतक्या मायेने म्हणालात. तुमचं मन कसं मोडायचं?"

"काय हवं होतं त्यांना?"

"गुडघ्याला बांधायचा पट्टा. नीट उभं राहता आलं असतं."

त्या दिवशी ऑर्गन वाजला नाही. बाई ऑर्गनच्या सुरपट्ट्यांवर हात ठेवून नुसत्या बसून होत्या, आणि मंडळीने गीत सुरांच्या आधाराशिवाय म्हटलं.

आता मामांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत राहते. मी त्याच खोलीच्या पडवीत आहे. माझ्यावर फुटक्या कुंड्या ठेवतात, पावसाचं पाणी मुरतं, एक पाय कुजत चालला आहे. त्याचं मला दुःख नाही असं म्हणणार नाही. पण मामांच्या पाठीची ती थरथर आठवली की स्वतःच्या कुजण्याचं काही वाटेनासं होतं.

मित्रांनो, कोणाला काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण त्याआधी त्याला विचारा, आणि तो संकोचाने गप्प राहिला तर थोडा वेळ त्याच्या शेजारी उभे राहा. आमच्या बाई आता तेच करतात. पिशवीत गुडघ्याचे पट्टे आणि जाड बूट घेऊन रोज सकाळी मजुरांमध्ये उभ्या असतात. टेम्पोच्या काचेवर टकटक करून विचारतात, "कुठे नेताय यांना? चराला आधाराच्या फळ्या लावल्यात का?" ठेकेदार कपाळाला आठ्या घालतात, पण उत्तर देतात. परतताना बाई पाय ओढत पडवीत येतात आणि माझ्या पाठीवर हात टेकून दम खातात. कितीही दमल्या तरी त्या माझ्यावर बसत नाहीत.